नेटच्या वायरींसाठी पेटी कुठली घ्यावी: लोखंडी रॅक, कन्सील बॉक्स, प्लॅस्टिकची पेटी की सुताराचं कपाट?

घर बांधताना इलेक्ट्रिशियन विचारतो, "नेटचा पॉइंट कुठं देऊ?" मालक टीव्हीच्या भिंतीकडं बोट दाखवतो आणि विषय तिथंच मिटतो. राहायला गेल्यावर मात्र त्या टीव्हीखाली ओएनटी, म्हणजे फायबरची वायर जोडायचा डबा, येतो, त्याचा अडॅप्टर येतो, लाइट गेल्यावर चालावं म्हणून मिनी यूपीएस येतो. मग कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर, नेटच्या वायरी एकत्र जोडणारा आठ पोर्टचा स्विच, आणि या सगळ्यांच्या वायरी. दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी हिरव्या टोकाची बारीक वायर ओढतं आणि नेट बंद. त्यानंतर पेटीचा शोध सुरू होतो.

सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यातल्या घरांना डोळ्यापुढं ठेवून हे लिहितोय. म्हणजे दुमजली स्वतंत्र घर किंवा टू बीएचके फ्लॅट, नऊ इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब.

आधी वाय-फायचं ठरवा

दुकानात जाण्याआधी एकच गोष्ट पक्की करा: वाय-फाय देणारं यंत्र पेटीच्या आत राहणार की बाहेर. निम्मे पर्याय याच उत्तरावर गळतात.

लोखंडी पेटीचं दार लावलं की वाय-फाय आतच कोंडतं. "दाराला जाळी आहे की," असं दुकानदार सांगतो, पण त्या जाळीचा उपयोग हवेसाठी. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या काचेत जी बारीक जाळी दिसते ती लहरी बाहेर येऊ नयेत म्हणूनच असते, आणि ओव्हन चालतो २.४५ गिगाहर्ट्‌झवर, म्हणजे वाय-फायच्या एका पट्ट्यातच. लहर बारा सेंटिमीटरची आणि छिद्र काही मिलिमीटरचं, ती निसटणार कुठून? काचेचं दार असलेल्या रॅकमधून थोडंफार बाहेर पडतं, तेही काचेसमोरच्या दिशेनं. मागच्या बेडरूमला त्याचा उपयोग नाही.

आपल्याकडं आणखी एक गोची आहे. ब्रॉडबँडवाले जो डबा देतात त्यात फायबर उतरवून घेणारा ओएनटी आणि वाय-फाय राउटर बहुतेक वेळा एकत्रच असतात. तो पेटीत टाकला की वाय-फायही पेटीत गेलं. यावर दोन वाटा आहेत. एक, तो डबा पेटीबाहेर भिंतीवर, मोकळ्यावर लावायचा आणि त्याची एक लॅन वायर पेटीतल्या स्विचला आणायची. दुसरी, ओएनटी आत ठेवून त्याचं वाय-फाय बंद करायचं आणि प्रत्येक मजल्यावर छताला वेगळा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे नुसतं वाय-फाय देणारा डबा, द्यायचा. दुसरी वाट महाग, पण दुमजली घरात तीच नीट चालते. मधला स्लॅब आणि त्यातलं लोखंड वरच्या खोलीतल्या सिग्नलचा बराचसा भाग खाऊन टाकतं.

माझं मत सरळ आहे: पेटी वायरींसाठी घ्या, वाय-फायला तिच्यात डांबू नका.

लोखंडी वॉल रॅक

कॅमेरेवाले जे लावून देतात ते बहुधा ४ यू. यातला 'यू' म्हणजे उंचीचं माप, एक यू ४४.४५ मिलिमीटर. म्हणजे ४ यूमध्ये उभी जागा साधारण १७८ मिलिमीटर आणि ६ यूमध्ये २६७. रुंदीचं माप १९ इंचांचं, जगभर तेच, त्यामुळं पॅच पॅनेल (खोल्यांतून आलेल्या वायरींची टोकं जोडायची पट्टी), ट्रे, पॉवर स्ट्रिप कुठल्याही कंपनीची घेतली तरी बसते. पुढं दहा वर्षांनी स्विच बदलला तरी पेटी बदलावी लागत नाही. रॅकची खरी कमाई ही.

४ यू आणि ६ यूमध्ये पैशाचा फरक दिसतो. ४ यू दीड-दोन हजारांच्या आसपास मिळून जातो, ६ यू तीन हजारांच्या पुढं. तरीही एनव्हीआर, स्विच आणि पॅच पॅनेल असं तिन्ही बसवायचं असेल तर ६ यूच घ्या. ४ यूमध्ये यंत्रं बसतात, हात बसत नाही. खरेदीच्या वेळी उंचीपेक्षा खोलीकडं बघायला हवं, आणि तिथंच लोक चुकतात. एनव्हीआरच्या मागं निघणाऱ्या वायरींना वळायला जागा लागते. ४०० मिलिमीटर खोलीच्या रॅकमध्ये एनव्हीआर आत जातो, पण मागची प्लग-पिन भिंतीला टेकते. ५५०चा घेतला तर तो जिन्यात डोक्याला लागतो. घरासाठी ४५० बरा. दोन्ही बाजूंचे पत्रे निघणारे आहेत ना, हे दुकानातच उघडून बघा. भिंतीवर टांगलेल्या रॅकच्या मागून हात घालता येत नाही, बाजूनंच घालावा लागतो.

मग वजनाचा मुद्दा. सामानासकट ६ यू रॅक पंधरा-वीस किलोपर्यंत सहज जातो. नऊ इंची विटांच्या भिंतीत चांगले अँकर फास्टनर मारले तर तो पिढ्यानपिढ्या राहील. हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीत नेहमीच्या प्लॅस्टिक गुल्ल्यांवर टांगू नका, तिथं त्या ब्लॉकसाठीच येणारे फास्टनर किंवा आरपार बोल्ट वापरा.

आता उष्णता. ओएनटीचे दहाएक वॅट, स्विचचे पाच, हार्ड डिस्कवाल्या एनव्हीआरचे पंधरा-वीस, म्हणजे आत तीस-पस्तीस वॅट उष्णता सतत तयार होणार. घरगुती राउटरवर चालण्याची मर्यादा बहुधा ४० अंशांची छापलेली असते आणि एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा बाहेरच तिथं पोचतो. रॅकच्या छतावर पंखा असतो, तो चालू ठेवावा लागतो. पण पंखा धूळही ओढतो. उसाच्या हंगामात शेतात पाचट पेटवलं की काजळीचे काळे तंतू गच्चीवर, खिडकीत, सगळीकडं येऊन पडतात, आणि पंख्याच्या पात्यांवर त्यांचा चिकट थर बसतो. त्यामुळं हंगाम संपला की एकदा ब्रशनं साफ करा. पंख्याचा घूं घूं आवाज रात्री ऐकू येतो, बेडरूमलगत रॅक नको. मिनी यूपीएस मात्र खालच्या ट्रेवरच ठेवा. गरम हवा वर जाते आणि लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही.

लोखंडी पेटीला अर्थिंग हवंच. दारालाही वेगळी हिरवी वायर जोडलेली असावी, कारण बिजागरीवरचा पावडर कोटिंगचा थर वीज नीट वाहू देत नाही.

भिंतीतली कन्सील पेटी

नव्या फ्लॅटमध्ये काही बिल्डर मुख्य दाराजवळ एमसीबीच्या डब्याशेजारी तसाच एक पांढरा डबा देतात. दिसायला याच्याइतकं नीटनेटकं काही नाही. भिंतीबाहेर काही येत नाही, घरातल्या बाईमाणसांचा विरोध नाही, धूळ कमी.

पण हे डबे बहुधा उथळ असतात. फायबरच्या कनेक्टरपासूनच हिशेब करू. हिरवं टोक आणि त्यामागचं रबरी शेपूट मिळून पाच-सहा सेंटिमीटर. त्यानंतर वायर वळते. साध्या फायबरला ३० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण चालत नाही. घरात वापरायची जी.६५७ ए२ जातीची फायबर साडेसात मिलिमीटरपर्यंत सोसते, पण पोलवरून आलेली वायर त्याच जातीची असेल याची खात्री तुम्ही कुठून देणार? म्हणजे कनेक्टर दाराकडं तोंड करून आला तर नऊ सेंटिमीटर तिथंच गेले, ओएनटीची स्वतःची जाडी वेगळी. दार दाबून लावलं की फायबर मुडपते, ओएनटीवरचा एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लुकलुकायला लागतो. मग तंत्रज्ञ येतो, दार उघडतो, दिवा हिरवा होतो. तो जातो, तुम्ही दार लावता, दिवा पुन्हा लाल. अडॅप्टरचंही तसंच. सॉकेटमध्ये खोचलेला अडॅप्टर सात-आठ सेंटिमीटर पुढं येतो, शिवाय शेजारचं सॉकेट झाकतो.

म्हणून कन्सील घ्यायची तर आतून किमान १२० मिलिमीटर खोल आणि हातभर उंच घ्या, आणि ओएनटीचा कनेक्टर खाली किंवा बाजूला तोंड करून येईल असा लावा. इतकी खोल पेटी नऊ इंची भिंतीतच मावते. साडेचार इंची पार्टिशन म्हणजे ११५ मिलिमीटर, तिथं पेटीचा मागचा पत्रा पलीकडच्या खोलीत डोकावेल. दार प्लॅस्टिकचं मिळालं तर उत्तम, वाय-फाय पुढच्या बाजूनं तरी निघतं. डबा मात्र लोखंडी असेल तर मागच्या खोल्या कोरड्याच.

एनव्हीआर या पेटीत ठेवायचा विचारही करू नका. हवा खेळत नाही. ओएनटी, छोटा स्विच आणि मिनी यूपीएस एवढंच हिचं काम. फ्लॅटमध्ये तेवढंच लागतं, म्हणून फ्लॅटसाठी मी हिलाच पहिला नंबर देईन.

प्लॅस्टिकची पेटी

एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटची, झाकणाला रबर असलेली. तिच्यावर आयपी ६५ किंवा ६६ छापलेलं असतं: पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. वाय-फाय हिच्यातून आरपार जातं, गंज लागत नाही, भोक पाडायला साधं ड्रिल पुरतं. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर, पाटण-कोयनेच्या पट्ट्यात चार महिने भिंती ओल्या राहतात, तिथं पत्र्याच्या पेटीपेक्षा मी हीच घेईन. आणखी एक फायदा कागदावर येत नाही: केबल आत येते तिथं ग्लँड (केबलभोवती आवळायचं बूच) घट्ट बसवलं तर पाली आणि मुंग्या आत जात नाहीत. उबेला मुंग्या जमतात, त्यांच्यामागं पाल येते, आणि पाल सर्किटवर चिकटली की ते यंत्र गेलं.

खोट एकच, पण मोठी. बंद पेटी म्हणजे आत गेलेली उष्णता बाहेर पडायला वाट नाही. पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात लावलेल्या पेटीत ओएनटी ठेवणं म्हणजे तो मे महिन्यात गमावणं. बाहेर ही फक्त फायबरचा जोड किंवा कॅमेऱ्याची जॉइंट झाकायला लावा. एबीएस उन्हानं ठिसूळ होतं, गच्चीवर पॉलिकार्बोनेट.

सुताराकडून

टीव्ही युनिटमध्येच एक कप्पा, मागं भोक, दाराला वेताची किंवा लाकडी जाळी. वाय-फायला अडथळा कमी, खर्च युनिटमध्येच जिरतो. वर-खाली दोन्हीकडं हवेला फट ठेवायला सुताराला बजावून सांगा, तो फक्त मागं भोक पाडतो. वाळवीचा भाग असेल तर बाहेरच्या भिंतीला टेकलेलं युनिट नको. भाड्याच्या घरात तर एवढंही करू नका. प्लायच्या फळीवर ओएनटी आणि मिनी यूपीएस स्क्रूनं बसवा, फळी डोक्याच्या उंचीवर टांगा, फायबरचं उरलेलं वेटोळं टायनं सैल बांधा. घर सोडताना फळीसकट निघता येतं.

जागा

पेटी कुठलीही घ्या, सांगलीत तिची जागा पुरानं ठरवली आहे. २००५, २०१९, २०२१ ही वर्षं गावभाग, दत्तनगर, शामरावनगर, सांगलवाडीतल्या कुणाला सांगावी लागत नाहीत. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. अशा भागात तळमजल्यावर पेटी नकोच, "पाच फुटांवर लावू" हा मधला मार्गही नको. आयपी ६६ पाण्याच्या फवाऱ्यासाठी आहे, बुडण्यासाठी नाही. आयपी ६७सुद्धा एक मीटर पाण्यात अर्धा तास एवढंच सांगतं, इथं गाळाचं पाणी दिवसच्या दिवस उभं राहतं. शिवाय ते दारातून कशाला येईल, भिंतीतल्या पाइपांमधून येईल.

पहिल्या मजल्यावर जिन्याचा टप्पा ही मला सगळ्यात पसंत जागा. घराच्या मधोमध, दोन्ही मजल्यांना पाइप जवळ, आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाला बेडरूममध्ये न्यावं लागत नाही. गच्चीवरून पाइप येत असेल तर केबल आत शिरण्याआधी तिला बाहेर खाली झोळ द्या, नाहीतर पावसाचं पाणी केबलच्या अंगावरून थेट स्विचवर उतरतं. वळवाच्या विजांसाठीही एक: फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण पोलवरून घरापर्यंत येणाऱ्या ड्रॉप केबलला आधाराची पोलादी तार असते. ती बाहेरच्या हुकालाच संपवा, घरात नुसती फायबर घ्या.

फ्लॅट आणि दोन-तीन लॅन पॉइंट: खोल कन्सील पेटी, राउटर शक्यतो बाहेर. दुमजली घर, चार कॅमेरे, प्रत्येक खोलीत पॉइंट: ६ यू रॅक, ४५० खोल, पहिल्या मजल्यावर. जुना वाडा, जिथं भिंतीला झिरी मारणं शक्यच नाही: केसिंग पट्टी आणि प्लॅस्टिकची पेटी, सावलीत, झाकणाला खालून-वरून हवेची भोकं पाडून. आयपीचा छाप त्यानं जातो, पण घरात त्याची गरज नसते.

रॅक नंतर आणता येतो, पाइप नाही. प्लास्टर व्हायच्या आत पेटीच्या जागेपासून प्रत्येक खोलीला २५ मिलिमीटरचा पाइप टाकून घ्या, लाइटच्या पाइपपासून वेगळा. एक जास्तीचा गच्चीवर, एक रस्त्याच्या बाजूला पोलकडं. आत ड्रॉ वायर (पुढं केबल ओढून घ्यायची तार) सोडून ठेवा आणि टोकं कापडानं बुजवा, गवंडी त्यात मालाचे गोळे पाडतोच.