फ्री डिशचा रेकॉर्डिंगवाला बॉक्स: घेताना आणि वापरताना

लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत फ्री डिशचा, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेचा, एमपीईजी-४ एचडी बॉक्स मागितला, की खोक्यावर एका कोपऱ्यात 'यूएसबी पीव्हीआर' छापलेलं दिसतं. पीव्हीआर म्हणजे रेकॉर्डर. पण खोक्यात रेकॉर्डिंग साठवायला काहीच नसतं. पेनड्राइव्ह आपला आपण लावायचा. बॉक्स उपग्रहावरून आलेला प्रवाह जसाच्या तसा त्या पेनड्राइव्हवर उतरवतो, त्यामुळे रेकॉर्डिंगचं चित्र थेट प्रक्षेपणाइतकंच स्वच्छ असतं. दोन हजारांच्या आत मिळणाऱ्या वस्तूकडून हे काम उत्तम होतं. फसगत होते ती बॉक्सच्या बाहेर: पेनड्राइव्ह, घड्याळ आणि लाईट या तीन जागी.

पैसे भरून घ्यायच्या डीटीएचचे रेकॉर्डर वेगळे. टाटा स्कायने (२०२२ पासून टाटा प्ले) २००८ मध्ये 'प्लस' नावाने आतच हार्ड डिस्क असलेला बॉक्स आणला. त्यात दोन ट्यूनर (चॅनेल पकडणारे भाग), म्हणजे एक चॅनेल रेकॉर्ड होत असताना दुसरं कुठलंही बघता येतं. कार्यक्रमांचं वेळापत्रक पडद्यावर येतं, त्यावर एक बटण दाबलं की काम झालं. सोय मोठी, पण अशा बॉक्सवरचं रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं. डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तर काही वाजत नाही, आणि बॉक्स बदलला तर जुनं सगळं गेलं. नातवाचं गाणं टीव्हीवर आलंय आणि ते जपून ठेवायचंय, अशा कामाला हा मार्ग नाही. फ्री डिशच्या साध्या बॉक्सवर मात्र बहुतेक वेळा उघडी 'टीएस' फाईल तयार होते. ती व्हीएलसी प्लेअरमध्ये लॅपटॉपवर चालते, ओटीजी (मोबाईलला पेनड्राइव्ह जोडायची पिन) लावून मोबाईलवरही. 'बहुतेक वेळा' म्हणायचं कारण, काही बॉक्स स्वतःच्याच साच्यात फाईल बनवतात आणि ती दुसरीकडे उघडत नाही. म्हणून दुकानातच दोन मिनिटं रेकॉर्ड करून काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर लावून बघायचं.

दुकानात आणखी एक चाचणी करायची, आणि आमच्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. उद्याचा एक टायमर लावा, बॉक्स रिमोटने स्टँडबायवर टाका आणि सॉकेटमधून पिन सरळ उपटा. अर्ध्या मिनिटाने परत लावा. आता तीन गोष्टी बघायच्या: बॉक्स आपोआप सुरू होतो किंवा निदान स्टँडबायवर येतो का, टायमर यादीत शिल्लक आहे का, आणि घड्याळ स्वतःहून बरोबर वेळ पकडतं का. एकही चुकलं तर तो बॉक्स परत ठेवा. दिवसातून चार वेळा लाईट झपकणाऱ्या गावात असा बॉक्स रेकॉर्डर म्हणून कुचकामी. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या. वेगवेगळ्या नावांच्या स्वस्त बॉक्सांमध्ये आतली चिप बऱ्याचदा एकच असते. फरक असतो तो सॉफ्टवेअरचा, आणि तो खोक्यावर छापलेला नसतो.

फ्री डिशच्या बॉक्समध्ये ट्यूनर एकच. एक चॅनेल रेकॉर्ड होत असताना दुसरं बघायचं, तर ते त्याच ट्रान्सपाँडरवरचं, म्हणजे उपग्रहावरच्या त्याच फ्रिक्वेन्सीवरचं असावं लागतं. बॉक्स अशा वेळी तेवढीच मोजकी चॅनेलं यादीत दाखवतो आणि घरात ओरड सुरू होते, 'बाकीची चॅनेलं गेली!' गेलेली नसतात. रेकॉर्डिंग थांबलं की परत येतात.

आता पेनड्राइव्ह. मोजदाद सोपी आहे: प्रवाह जितके मेगाबिट प्रतिसेकंद, त्याला ०.४५ ने गुणलं की ताशी जीबी निघतात. ३ मेगाबिटचं साधं चॅनेल तासाला सुमारे १.३५ जीबी खातं, ८ मेगाबिटचं एचडी ३.६ जीबी. प्रत्येक चॅनेलचा आकडा वेगळा, म्हणून आपल्या चॅनेलचं बरोबर दहा मिनिटं रेकॉर्डिंग करून फाईल बघा आणि सहाने गुणा. साध्या चॅनेलांसाठी ६४ जीबी भरपूर झाले, चाळीस तासांच्या वर बसतात. फॉरमॅट कॉम्प्युटरवर करू नका, बॉक्सच्याच मेनूतून करा. नवा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये येतो आणि तो बऱ्याच बॉक्सना ओळखताच येत नाही. फॅट३२ हा जुना फॉरमॅट केला तर एक फाईल ४ जीबीच्या वर जात नाही. त्यापुढे बॉक्स आपोआप दुसरा तुकडा सुरू करतो. एचडीवर हे सव्वा तासाच्या आतच होतं. घाबरण्यासारखं काही नाही, दोन्ही तुकडे ओळीने चालतात.

खरा घात करतात ते बाजारातले 'एक टीबी'चे तीन-चारशे रुपयांचे पेनड्राइव्ह. आत १६ किंवा ३२ जीबीची चिप असते आणि कॉम्प्युटरला ती एक टीबी असल्याचं खोटं सांगते. पहिली काही रेकॉर्डिंग झकास चालतात. जागा संपली की पुढचं लिखाण हवेत जातं, फाईल मात्र पूर्ण आकाराची दिसते. लावली की चौकोन चौकोन फुटलेलं चित्र. लोक बॉक्सला दोष देतात. एच२टेस्टडब्ल्यू नावाची छोटी मोफत प्रणाली पेनड्राइव्ह काठोकाठ भरून परत वाचते आणि खरी जागा सांगते. ती लॅपटॉपवर रात्रभर चालवून बघा.

पोर्टेबल हार्ड डिस्क लावावी का? आपल्याकडे नकोच. यूएसबी २.० च्या खाचेतून ठरलेला पुरवठा ५०० मिलिअँपिअर. डिस्क फिरायला सुरुवात करताना त्याहून जास्त ओढते. मग डिस्क 'टिक-टिक' करते, बॉक्स अडखळतो नाहीतर पुन्हा सुरू होतो. पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात भोवतालच्या हवेची मर्यादा बहुधा ३५ अंश दिलेली असते. मे महिन्यात परभणीत बाहेर ४२-४३ अंश असताना पत्र्याच्या खोलीत, गरम बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेली डिस्क किती दिवस काढणार? पेनड्राइव्हला फिरणारा भाग नाही. तोही तापतो, म्हणून अर्ध्या फुटाच्या यूएसबी एक्स्टेंशनने बॉक्सपासून बाजूला टांगून ठेवा. आणि मेनूतला 'टाईमशिफ्ट' (चालू कार्यक्रम थांबवून मागून बघायची सोय) बंद करा. तो चालू असला की आपण नुसतं बघत असतानाही बॉक्स सारखा लिहीत राहतो आणि पेनड्राइव्हचं आयुष्य विनाकारण झिजतं.

टायमर कसा लावायचा, ते आषाढी एकादशीच्या उदाहरणानेच बघू, कारण त्यात होण्यासारख्या सगळ्या चुका एकत्र येतात. पंढरपूरची शासकीय महापूजा पहाटे दोन-अडीचच्या सुमाराला सुरू होते आणि डीडी सह्याद्रीवर थेट दिसते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ती सकाळी आंघोळ करून बघायची असते. आधी वेळेच्या सेटिंगमध्ये जा. बॉक्स घड्याळ उपग्रहावरून घेतो, पण ते ग्रिनिच वेळेत. त्यात +५:३० आपण भरायचे असतात. हा वेळेचा विभाग (टाइम झोन) शून्यावर राहिला तर रेकॉर्डिंग साडेपाच तास उशिरा सुरू होतं आणि महापूजेऐवजी सकाळच्या बातम्या मिळतात. घड्याळ मोबाईलशी ताडून बघा, मगच पुढे.

दुसरी चूक तारखेची. 'दशमीच्या रात्री' म्हणून लोक दशमीची तारीख टाकतात. बॉक्सला तिथी कळत नाही. त्याचा दिवस रात्री बाराला बदलतो, म्हणून तारीख एकादशीचीच हवी. सुरुवात १:४५, शेवट ४:३०. पुढेमागे मोकळी जागा सोडायचीच, थेट कार्यक्रम कधी लवकर सुरू होतो, कधी लांबतो. पावणेतीन तासांना सुमारे ३.७ जीबी लागतील, तेवढी जागा आधी मोकळी करा. जागा संपली की बहुतेक बॉक्स न बोलता थांबतात.

तिसरी चूक 'टायमर सर्व्हिस' या ओळीत. तिथे मुळात 'चॅनेल' निवडलेलं असतं. म्हणजे बॉक्स वेळेवर जागा होईल, सह्याद्री लावेल आणि रेकॉर्ड काहीच करणार नाही. तिथे 'रेकॉर्ड' किंवा 'पीव्हीआर' निवडा. 'मोड' एकदाच, म्हणजे 'वन्स' ठेवा. रोजच्या शेतीच्या कार्यक्रमासाठी 'डेली' चालेल, पण मग आठवड्याला जुन्या फाईली पुसायची जबाबदारी कोणाची ते घरात ठरवून ठेवा. तीन तास रिमोट दाबला नाही तर बॉक्स झोपवणारं 'ऑटो स्टँडबाय' बंद करा.

शेवटी बॉक्स रिमोटने स्टँडबायवर टाका. टीव्ही चालू ठेवायची गरज नाही. बोर्डावरचं बटण मात्र बंद करायचं नाही, आणि इथेच अर्ध्या घरांत माशी शिंकते: झोपताना टीव्हीचा बोर्ड बंद करायची सवय अंगवळणी पडलेली असते. टीव्ही आणि बॉक्स एकाच बटणावर असतील तर इलेक्ट्रिशियनकडून बॉक्ससाठी वेगळं बटण काढून घ्या. ते होईपर्यंत बटणावर चिकटपट्टी.

राहिली लाईट. रेकॉर्डिंग चालू असताना लाईट गेली तर चालू फाईल नीट बंद होत नाही आणि कधीकधी शून्य आकाराची दिसते. मेनूत तुकड्याचा आकार ठरवायची सोय असेल तर १ जीबी ठेवा. मग शेवटचाच तुकडा जातो, आधीचे वाचतात. लाईट परत आल्यावर अर्धवट राहिलेलं रेकॉर्डिंग स्वतःहून पुढे चालू करणारे बॉक्स क्वचितच सापडतात. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण 'यूपीएस'वर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये बदलायला थोडा जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात काही बॉक्स पुन्हा सुरू होतात. इन्व्हर्टर नसेल तर वायफाय राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस या कामाला नामी आहे. बॉक्स जेमतेम आठ-दहा वॅट घेतो, एलएनबीचं, म्हणजे डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीचं, पोटही त्यातच भरतं, त्यामुळे चांगल्या मिनी यूपीएसवर साधारण दोन तास निघतात. अट एकच: बॉक्सचा अडॅप्टर १२ व्होल्टचाच हवा, मिनी यूपीएसचे अँपिअर त्याच्याइतके किंवा जास्त हवेत आणि पिनच्या मधल्या टोकाचं चिन्ह दोन्हींवर सारखं हवं. अडॅप्टर बॉक्सच्या आतच असेल, म्हणजे भिंतीला थेट वायर जात असेल, तर हा उपाय बाद. म्हणून खरेदी करतानाच बाहेरच्या १२ व्होल्ट अडॅप्टरचा बॉक्स निवडावा.

आषाढी म्हणजे पाऊसही आला. जोराच्या सरीत केयू बँडचा, म्हणजे फ्री डिश ज्या लहरींवर येते त्यांचा, सिग्नल दबतो. बघताना पडदा दोन मिनिटं गेला तर आपण चहा पितो. रेकॉर्डिंगमध्ये ती दोन मिनिटं कायमची गेली. उपाय पावसाळ्याआधीच करायचा. फ्री डिश ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ वर आहे. मराठवाड्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५९ ते ६१ अंश वर दिसतो. तवा (डिश) ऑफसेट, म्हणजे एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असलेला, असल्यामुळे नुसत्या डोळ्यांना बराच उभा वाटतो, त्यावरून अंदाज बांधू नका. बॉक्सवर 'स्ट्रेंग्थ'कडे दुर्लक्ष करून 'क्वालिटी' बघत तवा एक-एक सूत हलवा. मग एलएनबी पकडीत थोडा फिरवून आणखी चढते का बघा आणि तिथेच नट आवळा. एलएनबी युनिव्हर्सल प्रकारचा, मेनूत त्याची फ्रिक्वेन्सी ९७५०/१०६०० ठेवा. जुन्या जोडणीत दोष बहुधा तव्याजवळच्या एफ कनेक्टरमध्ये (वायरीच्या टोकाच्या पेचाच्या जोडात) असतो: पाणी शिरून मधली तार हिरवी पडलेली. तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर बसवा आणि त्यावर रबरी टेप गुंडाळा. एवढं करूनही दर सरीला चित्र जात असेल तर ६० सेंटिमीटरच्या जागी ९० चा तवा लावा. त्याचं क्षेत्रफळ सव्वादोन पट असतं, फरक लगेच दिसतो. वाऱ्यासाठी स्टँड मात्र तेवढाच दणकट हवा.

वळवाचं आभाळ भरून आलं की विजा कडाडायच्या आधीच तव्याची वायर बॉक्समधून काढून ठेवायची. त्या वेळी टायमर लागलेला असला तरी काढायचीच. ट्यूनर एकदा जळला की असल्या बॉक्सची दुरुस्ती परवडत नाही.

सकाळी रेकॉर्डिंग सापडलं की फाईलचं नाव चॅनेल आणि तारखेचं असतं. जपून ठेवायचं असेल तर त्याच दिवशी लॅपटॉपवर उतरवा आणि नाव बदला. नाव बॉक्समध्ये बदलायला गेलात तर रिमोटने एक-एक इंग्रजी अक्षर शोधत बसावं लागतं, आणि देवनागरी त्याला येतच नाही.