मयूर कॉलनी, कोथरूड: 14 महिने राहून झाल्यावर

घर बघायला आम्ही रविवारी आलो, तिथेच फसलो. रविवारी मयूर कॉलनी इतकी शांत असते की एजंट बिनधास्त म्हणाला, "मॅडम, इथे आवाज म्हणाल तर पक्ष्यांचा." सामान लावलं, सोमवार उजाडला आणि नवाच्या ठोक्याला शेजारच्या प्लॉटवर पोकलेनला लावलेला ब्रेकर धडधडायला लागला. पुण्यात थोडं खणलं की काळा पाषाण लागतो आणि आता प्रत्येक नव्या इमारतीला खाली पार्किंग हवं असतं. तो खडक फुटायला पाच महिने लागले. बाबांनी सांगलीहून आणलेली पितळी भांडी फळीवर आपोआप सरकायची.

कोथरूडबद्दल सगळे सांगतात ती सावली, टेकडी, नाटक. आज इथे राहायचं म्हणजे मुख्यतः रिडेव्हलपमेंटमध्ये राहायचं, हे कुणी सांगत नाही. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या चार मजली, बिनलिफ्टच्या सोसायट्या आणि त्यात राहणारे आता सत्तरी ओलांडलेले लोक. डिसेंबर 2020 मध्ये बांधकामाची नवी एकत्रित नियमावली आली, जास्त बांधकाम बसू लागलं आणि बिल्डर दारोदार फिरू लागले. त्यामुळे 'आपला रस्ता सहा मीटरचा की नऊचा' हा इथे गप्पांचा विषय आहे. नऊ मीटर रुंद असेल तर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, वापरता येतो, नसेल तर गणित बसत नाही. कॉर्पस (बिल्डर रहिवाशांना देतो ती रक्कम), कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा), वाढीव चटईक्षेत्र हे शब्द मी इथल्या काकूंकडून शिकले, तेही भाजीच्या गाडीपाशी.

याचा भाड्याशी थेट संबंध आहे. इमारत पाडली की तिथल्या सगळ्या कुटुंबांना दोन-तीन वर्षं भाड्याचं घर लागतं. डॉक्टर, देऊळ, कट्टा सुटू नये म्हणून ती याच गल्ल्यांत शोधतात आणि त्यांचं भाडं बिल्डर देतो. आपण खिशातून देणारे, त्यांच्याशी स्पर्धा कशी करणार? तिसऱ्या मजल्यावरचं जुनं टू बीएचके आम्हाला 27,000 ला पडलं. नळाला गंज, पण पाणी नियमित.

समोरच्या फ्लॅटमधले काका असेच. त्यांची स्वतःची इमारत इथून दोनशे पावलांवर होती, आता तिथे खड्डा आहे. रोज संध्याकाळी पत्र्याच्या फटीतून ते काम बघतात. बाबाही जायला लागले. एकदा काकांनी वर बोट केलं आणि म्हणाले, "आमची बाल्कनी तिथे होती. ते तिथे, कावळा गेला ना आत्ता." बाबांनीही गंभीरपणे वर पाहिलं. दोघांची मैत्री या खड्ड्यावर जमली.

आता चांगलं. माझं ऑफिस कल्याणीनगरला. मेट्रो मार्च 2024 मध्ये कल्याणीनगरवरून रामवाडीपर्यंत गेली म्हणूनच आम्ही कोथरूडचा विचार केला. आयडियल कॉलनी स्टेशन चालत पंधरा मिनिटं, मग मध्ये गाडी न बदलता अर्ध्या तासाच्या आसपास. पण मेट्रो पौड रोडवरून जाते. कर्वे पुतळ्यापलीकडे, डहाणूकर कॉलनीकडे घर घेत असाल तर आधी भर दुपारी स्टेशनपर्यंत चालून बघा. गाडीने जाणाऱ्यांना संध्याकाळचा कर्वे रस्ता आहेच, नळस्टॉपला दुमजली पूल होऊनही.

टेकडीबद्दल मात्र मी तोंड भरून बोलेन. म्हातोबाच्या टेकडीवर सकाळी साडेसहाला मोराचा आवाज येतो आणि पाचच मिनिटांपूर्वी आपण पौड रोडवरचे हॉर्न ऐकत होतो यावर विश्वास बसत नाही. जुने लोक उन्हाळ्यात कॅन भरभरून पाणी वर नेतात आणि रोपांना घालतात. त्यांच्यापाशी टेकडीवरून न्यायच्या बालभारती ते पौड फाटा या वादग्रस्त रस्त्याचा विषय काढलात तर तासाभराची निश्चिंती. यशवंतराव चव्हाण नाट्यगृह कोथरुडातच असल्याने रात्रीचं नाटक बघून चालत घरी येता येतं. सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या नावाचं नाट्यमंदिर असल्याने बाबा आधी नाक मुरडायचे, आता तिकिटं तेच काढतात.

फुटपाथ आहेत, पण त्यांवर स्कूटर, पाट्या आणि बांधकामाची वाळू असते. बाबा रस्त्यावरूनच चालतात आणि काँक्रीट मिक्सरचा ट्रक आला की मला धडकी भरते. धूळ तर इतकी की वाळत घातलेले कपडे झटकूनच घडी घालायचे.

माणसं? पहिले दोन महिने कुणी ढुंकून पाहिलं नाही. गॅलरीतून पाणी सांडलं म्हणून मात्र सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीन ओळींची शुद्ध मराठीतली समज आली. मग बाबा रात्री चक्कर येऊन पडले तेव्हा जिन्यात चार माणसं उभी, एकाकडे बीपीचं मशीन, एकाची गाडी चालू. ओळख झाली ती अशी.

11 महिन्यांचा करार संपल्यावर घरमालकांनी नवा केला, त्यात आता एक जास्तीची ओळ आहे: दोन महिन्यांच्या नोटिशीवर जागा रिकामी करावी लागेल. आमच्या सोसायटीनेही बिल्डर नेमला आहे. आम्ही पुन्हा घर शोधतोय, याच परिसरात. यावेळी एजंटला भाड्याच्या आधी विचारते की सोसायटीचा रिडेव्हलपमेंटचा ठराव झालाय का, डावी-उजवीकडच्या इमारती कितव्या वर्षाच्या आहेत, शेजारचं खोदकाम संपलंय का. आणि घर बघायला सोमवारी जाते.