दिव्यांग अनुदानासाठी एजंटाने गळ्यात मारलेला बनावट उत्पन्नाचा दाखला

माझ्या धाकट्या भावाचा डावा हात कडबाकुट्टी यंत्रात गेला. जिल्हा रुग्णालयातून ६० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं, यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं ओळखपत्र) आलं. दोन्हींना एक रुपयाही लागला नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना आता महिना २५०० रुपये मिळतात, म्हणून तो तहसीलला गेला. बाहेर टपरीवर बसणाऱ्या एजंटाने त्याला तिथेच गाठलं.

"दादा, तुमचा उत्पन्नाचा दाखला ४६ हजारांचा. मर्यादा २१ हजार. फाईल परत येणार बघा." कमी उत्पन्नाचा दाखला काढून द्यायचे म्हणून त्याने ६००० रुपये रोख घेतले. केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनही बसवून देतो, असं सांगून आणखी २०००.

२१ हजारांची अट खरी आहे, पण ती योजनेतल्या इतर निराधारांसाठी. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार आहे. शिवाय अपंगत्व किमान ४० टक्के, वय ६५ च्या आत आणि राज्यात १५ वर्षं वास्तव्य लागतं. म्हणजे भावाच्या पिशवीतला ४६ हजारांचा खरा दाखलाच पुरेसा होता! केंद्राच्या पेन्शनला तर ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव लागतं. भाऊ त्यात बसतच नव्हता, आणि हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. रोज हेच काम करतो तो.

भावाने एजंटाचा दाखला जोडून अर्ज केला. छाननीत त्याचा बारकोड तपासला, तर तो दाखला ऑनलाईन कुठेच नाही. अर्जावर सही भावाची, त्यामुळे जाबही त्यालाच विचारला. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ९१ खाली लबाडीने लाभ घेण्याचा नुसता प्रयत्न केला तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. एक हात गमावलेल्या माणसाला या भीतीने रात्र रात्र झोप नव्हती, याचा मला फार संताप येतो. एजंट म्हणाला, "मी कुठे सही केलीय?"

भावाने घडलं ते तहसीलदारांना लेखी दिलं आणि खऱ्या दाखल्यावर नवा अर्ज केला. पोलिसांत तक्रार दिली आहे. पावती नाही, पण पैसे देताना वहिनी सोबत होती, तिचा जबाब घेतलाय. तुमची कागदपत्रं अशा कुणाकडे असतील, तर दाखल्याचा बारकोड आजच तपासून घ्या. खोटा निघाला, तर अर्ज मंजूर करणाऱ्या समितीची बैठक होण्याआधी तहसीलदारांना लेखी कळवा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.