लॉगिन शेअरिंग रोखणारं प्लगिन, आठ महिने वापरून

आधीच सांगते, प्लगिनचं, म्हणजे साईटला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामचं, नाव मुद्दाम घेत नाहीये. या जातीची बरीच प्लगिन मिळतात आणि आतून सगळी साधारण एकच काम करतात, त्यामुळे आम्ही जे भोगलं ते तुम्ही दुसरं कुठलं घेतलंत तरी थोड्याफार फरकाने भोगालच.

आमची छोटी साईट आहे, वर्डप्रेसवर (साईट बनवायचं तयार सॉफ्टवेअर), पोलीस भरती, तलाठी आणि एमपीएससीच्या संयुक्त पूर्व परीक्षेची टेस्ट सिरीज. वर्षाचे ५९९ रुपये. मी आणि नवरा दोघंच बघतो. शंका आली ती एका अकाऊंटवरून, एकाच दिवसात १००-१०० मार्कांचे नऊ पेपर सोडवलेले, सकाळी ४८ मार्क, दुपारी ८१, संध्याकाळी परत ३९. म्हटलं हा एक तर भूत आहे नाहीतर अख्खी अभ्यासिका आहे. अभ्यासिकाच निघाली, पुण्यातली, पेठेतली. वर्डप्रेसला स्वतःहून यात काही वावगं वाटत नाही बरं का, एका युजरने एका वेळी पन्नास ठिकाणी लॉगिन केलं तरी ते गुमान करू देतं.

म्हणून हे प्लगिन घेतलं, वर्षाला चार हजारांच्या आसपास. बसवायला दहा मिनिटं, त्याबद्दल तक्रार नाही. सेटिंगमधे आकडा टाकायचा की एका युजरला किती लॉगिन चालतील, आणि मग आकडा ओलांडला तर काय करायचं ते निवडायचं, नव्याला अडवायचं की जुन्याला बाहेर काढायचं. इथे आम्ही शहाणपणा केला आणि "नव्याला अडवा" निवडलं, कारण ऐकायला कडक वाटतं.

आणि शनिवारी रात्री, दुसऱ्या दिवशी पेपर, माझ्या फोनवर बत्तीस मिस्ड कॉल. "मॅडम, माझंच अकाऊंट आहे, मीच पैसे भरलेत, आणि मलाच घेत नाहीये." झालं असं की पोराने दुपारी नेट कॅफेत लॉगिन केलं आणि लॉगआऊट न करता ब्राउजर बंद केला. त्याच्या बाजूने विषय संपला, पण सर्व्हरच्या वहीत ते लॉगिन दोन दिवस जिवंत राहतं, आणि "रिमेंबर मी" ला टिक असेल तर चौदा दिवस. प्लगिन ती वही बघून म्हणतं जागा भरली. वर आम्ही टेस्टची लिंक इन्स्टावर टाकतो, ती इन्स्टाच्या आतल्याच ब्राउजरमधे उघडते आणि त्याला क्रोममधलं लॉगिन माहीतच नसतं, म्हणजे एकच पोरगा, एकच फोन, एकच हात, तरी प्लगिनच्या हिशोबात दोन माणसं. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप ते अभ्यासिकावाले? ते एकदा आत शिरलेले, बाहेरच येत नव्हते, निवांत पेपर सोडवत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

त्याच रात्री सेटिंग बदललं, "जुन्याला बाहेर काढा", मर्यादा दोन. तिथून खरा फरक पडला. आता पैसे भरलेला माणूस कधीच अडकत नाही, तो आला की आत, दुसरं कोणीतरी बाहेर. आणि शेअर करणारे आपापसातच भांडायला लागले. एकाचा तर फोनच आला, "मॅडम ६७ व्या प्रश्नावर होतो आणि लॉगआऊट झालं, आमच्या रूमवरच्या एकाने लॉगिन केलं वाटतं." मी विचारलं, रूमवरच्या एकाने म्हणजे? फोन कट. 😄

पण हे टेस्टच्या मधेच बाहेर काढणं हाच प्लगिनचा मोठा दोष पण आहे. टेस्ट चालू असताना थांब, संपल्यावर काढ, अशी सोयच नाही, त्यामुळे प्रामाणिक पोरगा फोनवरून लॅपटॉपवर आणि परत इन्स्टावरून असा फिरला तर त्याचीही उत्तरं जातात. सपोर्टला लिहिलं तर "लक्षात ठेवू" असं उत्तर आलं, चार महिने झाले.

आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या नंबरवरून, ओळखायचंही एक फीचर आहे, त्याच्या नादाला लागू नका. एखाद्या अभ्यासिकेतली साठ पोरं एकाच वायफायवर, म्हणजे बाहेरून सगळ्यांचा आयपी एकच, प्लगिनला तो एकच गुणी विद्यार्थी वाटतो. उलट जो एसटीत बसून मोबाईल डेटावर पेपर देतोय त्याचा आयपी बदलत राहतो, तो प्लगिनला टोळी वाटतो. मोबाईल कंपन्या एकाच आयपीमागे ढीगभर गिऱ्हाईकं बसवतात ते वेगळंच. आम्ही दोन दिवसांत बंद केलं.

ओटीपीचं पण करून बघितलं. एसएमएस पाठवायचे तर डीएलटीवर (धंद्याचे मेसेज पाठवणाऱ्यांसाठी मोबाईल कंपन्यांची नोंदणी यंत्रणा) नोंदणी करा, टेम्प्लेट मंजूर करून घ्या, प्रत्येक मेसेजचे पैसे द्या, आणि एवढं करून पोरं फोनवर ओटीपी वाचून दाखवतात, "हां लिही, चार सात…"

आणि पीडीएफ! नोट्सच्या फाईलची थेट लिंक कोणाच्या हाती लागली तर ती लॉगिन न करताच उघडते, प्लगिनचा तिथे काही संबंधच येत नाही. टेलिग्रामवर आमच्या चालू घडामोडी आमच्याआधी पोचायच्या. शेवटी प्रत्येक पानावर घेणाऱ्याचं नाव आणि मोबाईल नंबर फिकट अक्षरात छापायला लागलो, त्याने जेवढं थांबलं तेवढं या प्लगिनने थांबलं नसतं.

पोरांना दोष तरी किती देणार. नेटफ्लिक्सने २०१७ मधे स्वतःच पासवर्ड शेअर करणं म्हणजे प्रेम अशा अर्थाचं ट्विट केलं होतं, आणि जुलै २०२३ मधे भारतात घराबाहेर शेअर करणं बंद केलं. एवढ्या मोठ्या कंपनीला सहा वर्षं लागली, इथे तर खोलीभाडं, मेस आणि अभ्यासिकेची फी भरून महिनाअखेर वडापाववर काढणारी पोरं आहेत.

अजून एक, चार हजार खर्चण्याआधी वर्डप्रेसमधेच युजरच्या प्रोफाईलवर इतर सगळीकडून लॉगआऊट करायचं बटण असतं ते बघा, फुकट आहे. वीस-पंचवीस मेंबर असतील तर तेवढं पुरतं. आमचे सहाशेच्या वर आहेत, म्हणून रिन्यू करणार, पाचपैकी तीन स्टार. त्या पेठेतल्या अभ्यासिकेने गेल्या महिन्यात अजून तीन अकाऊंट घेतली. पोरं बहुतेक बारा आहेत.