जबड्याच्या आनुवंशिक विकाराची चाचणी: नमुना निर्दोष, अहवालातला एक शब्द घातक

आमच्या वेस्ट हायलँड व्हाइट टेरियर कुत्रीच्या चार पिल्लांपैकी एक पाचव्या महिन्यात जांभई देताना कळवळू लागले. वाडग्यापाशी धावत यायचे, पण तोंड पुरते उघडत नसल्यामुळे लाळ गाळत नुसते उभे राहायचे. एक्स-रेमध्ये खालच्या जबड्यावर हाड वाढलेले दिसले आणि क्रेनिओमॅन्डिब्युलर ऑस्टिओपथी असे निदान झाले. त्यानंतर आम्ही आईची आणि चारही पिल्लांची जनुकीय चाचणी एका प्रयोगशाळेकडून करून घेतली.

नमुना घेण्याच्या सूचना अतिशय स्पष्ट होत्या. खाणे झाल्यावर थांबायचे, एकमेकांची तोंडे चाटणाऱ्या पिल्लांना तेवढा वेळ वेगळे ठेवायचे, गालाच्या आतल्या बाजूला काडी घासायची आणि पाकिटात घालण्याआधी ती हवेवर वाळू द्यायची. आजारी पिल्लाचा जबडा ताणावा लागला नाही. ओठ जरासा बाजूला करून काडी गालात सरकवली, तेवढे पुरले.

अहवालानुसार आजारी पिल्लाकडे एसएलसी३७ए२ या जनुकातील दोषाच्या दोन प्रती निघाल्या, आईकडे व दोन पिल्लांकडे एकेक, आणि चौथे पिल्लू निर्दोष ठरले. आई-बापाकडून एकेक प्रत येते, म्हणून दोन प्रतींचा अर्थ असा, की दोष नराकडूनही आला होता. माझी तक्रार आहे ती एक प्रत असलेल्यांपुढे छापलेल्या 'वाहक' या शब्दाबद्दल. वाहक म्हणजे स्वतः आजारी न पडणारा, असेच कोणीही समजेल. वेस्टींमध्ये, म्हणजे आमच्या कुत्रीच्या जातीत, हा विकार पूर्वी अप्रभावी, म्हणजे दोषाच्या दोन प्रती असतील तरच होणारा, मानला जात असे खरा. परंतु २०१६ साली हा जनुकीय बदल प्रसिद्ध झाला, तेव्हा तो प्रभावी, म्हणजे एका प्रतीनेही विकार घडवू शकणारा, असल्याचे आणि तरीही प्रत्येक धारकात प्रकट होत नसल्याचे दिसून आले. त्यामुळे एक प्रत असलेली आमची कुत्री कधीच आजारी पडली नाही, यावरून तिची पिल्लेही सुटतील असे धरता येत नाही. हे आम्हाला पशुवैद्यांनी समजावले. अहवालात त्याविषयी एक ओळही नव्हती आणि पैसे देऊन चाचणी करणाऱ्याच्या बाबतीत ही उणीव मला गंभीर वाटते.

वेस्टी, स्कॉटिश किंवा केर्न टेरियरची वीण करणाऱ्याने जोडी लावण्याआधी ही चाचणी अवश्य करावी. इतर जातींतही हा विकार आढळतो, मात्र तिथे या चाचणीचा निर्दोष निकाल पुरेसा मानू नये. आजारी पिल्लाच्या वेदना चाचणीने कमी होत नाहीत. त्याला पशुवैद्यांनी दिलेले वेदनाशामक आणि मऊ, पातळ अन्नच लागते. माणसांच्या गोळ्या अजिबात देऊ नयेत. वर्षाच्या आसपास हाडाची वाढ बहुधा थांबते.

एक प्रत असलेली दोन्ही पिल्ले नव्या घरी देताना आम्ही अहवालातील 'वाहक' हा शब्द खोडून तिथे 'विकार होऊ शकतो' असे हाताने लिहिले आणि जबडा आठवड्यातून एकदा कसा चाचपायचा ते दोन्ही कुटुंबांना करून दाखवले.