इंडियन पॉइंट: जाळ्या की कूलिंग टॉवर?

अमेरिकेत अणुवीज केंद्राच्या परवान्याचे नूतनीकरण केंद्रीय अणु नियामक आयोग करतो. पण वीजकेंद्राचे पाणी नदीत सोडले जात असेल, तर १९७२च्या स्वच्छ पाणी कायद्याच्या कलम ४०१नुसार राज्याचे जलगुणवत्ता प्रमाणपत्र लागते. न्यूयॉर्क राज्याने एप्रिल २०१०मध्ये हडसन नदीकाठच्या इंडियन पॉइंट अणुवीज केंद्राला नेमके तेच नाकारले. वाद शीतकरणाच्या पद्धतीचा होता: केंद्र थंड ठेवायला नदीचे पाणी ओढताना मासे आणि त्यांची अंडीही ओढली जातात.

केंद्र चालवणाऱ्या एंटर्जी कंपनीला हव्या होत्या नदीत बसवायच्या बारीक फटींच्या दंडगोलाकार जाळ्या. त्या स्वस्त आणि बसवायला सोप्या. मासे त्यांना चिकटत नाहीत, मोठी अंडी बाहेर राहतात. पण फटीपेक्षा लहान अंडी आणि पिल्ले आत जातातच. शिवाय रोज सुमारे २५० कोटी गॅलन पाणी ओढून ते गरम करून परत सोडणे जसेच्या तसे चालू राहते. माझ्या मते जाळ्यांची बाजू इथेच पडते: तापलेल्या पाण्यावर त्यांच्याकडे उत्तरच नाही.

राज्याचा आग्रह कूलिंग टॉवरचा, म्हणजे तापलेले पाणी हवेने थंड करणाऱ्या मनोऱ्यांचा. तेच पाणी फिरवून वापरले की नदीतून घेण्याचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटते आणि उष्णताही हवेत जाते. तोटे खरे आहेत: प्रचंड खर्च, जोडणीसाठी केंद्र दीर्घकाळ बंद, थोडी वीज टॉवरच खातात. तरीही नदीच्या दृष्टीने हाच पर्याय उजवा.

प्रत्यक्षात टॉवर उभे राहिले नाहीत. जानेवारी २०१७मध्ये केंद्र बंद करण्याचा समझोता झाला. क्रमांक दोनची अणुभट्टी एप्रिल २०२०मध्ये थांबली, क्रमांक तीनची एप्रिल २०२१मध्ये.