नखाने उघडणारा फोन: फेअरफोन ५

माझ्या आधीच्या फोनची बॅटरी तिसऱ्या वर्षी फुगली, तेव्हा ती आत चिकटवलेली असल्याने खटाटोप करण्यापेक्षा नवाच फोन घ्या, असा सल्ला दुकानदाराने दिला. मी नेदरलँड्समध्ये राहत असल्यामुळे ॲमस्टरडॅमच्या कंपनीचा फेअरफोन ५ मिळवणे सोपे होते. ऑगस्ट २०२३ मध्ये तो ६९९ युरो किमतीला जाहीर झाला आणि तेवढ्याच पैशांत याहून वेगवान फोन मिळत होते, हे आधीच सांगितलेले बरे.

पहिल्याच संध्याकाळी मी तो जेवणाच्या टेबलावर विनाकारण उघडला. मागचे झाकण नखाने निघते, ४२०० एमएएचची बॅटरी बोटांनी उचलता येते आणि स्क्रीन, कॅमेरे, चार्जिंग पोर्ट हे सगळे एका साध्या स्टार स्क्रूड्रायव्हरने सुटे होते. या सोयीची किंमत म्हणून २१२ ग्रॅम वजन खिशाला जाणवते. मुख्यतः औद्योगिक उपकरणांसाठी बनवलेली, आणि म्हणून जास्त वर्षे पाठबळ मिळणारी क्वालकॉमची चिप वापरल्यामुळे निदान २०३१ पर्यंत सॉफ्टवेअर अपडेट देण्याचे वचन कंपनी देऊ शकली.

मला अधिक भावला तो कंपनीचा मोकळेपणा. २०१३ च्या पहिल्या फोनच्या ३२५ युरोंपैकी कशावर किती खर्च झाला, याचा हिशेब तिने जाहीर केला होता. बॅटरीतल्या कोबाल्टसाठी ती क्रेडिट विकत घेते आणि तो पैसा काँगोतल्या छोट्या खाणींमधील परिस्थिती सुधारण्यासाठी जातो. मात्र तुमच्या हातातल्या बॅटरीतले कोबाल्ट त्याच खाणीतले असेल असे नाही. शंभर टक्के न्याय्य फोन बनवणे अशक्य आहे, हेही कंपनी स्वतःच सांगते. नावातच 'फेअर' मिरवणाऱ्याने अशी कबुली देणे सोपे नाही.

इअरफोन जॅकच्या बाबतीत मात्र हा सच्चेपणा मला कमी पडलेला दिसतो. २०२१ च्या फेअरफोन ४ पासून जॅक गेला. धूळ-पाण्यापासून संरक्षण हे कारण तांत्रिकदृष्ट्या खोटे नसले, तरी त्याच सुमारास कंपनीने स्वतःचे वायरलेस इअरबड विकायला काढले, आणि तारेचा चांगला चालणारा इअरफोन फेकायला लावणे कचरा कमी करण्याच्या तिच्याच भूमिकेत बसत नाही.

भारतात या फोनची अधिकृत विक्री नाही, त्यामुळे पुण्याला जाताना मी एक जादा बॅटरी सोबत नेतो. अर्थात हातातल्या बॅगेत, कारण चेक-इनच्या सामानात सुटी बॅटरी ठेवू देत नाहीत.